ऐकणारी दाढ

माझे घरमालक पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले ते तोंडात स्क्रू पिळायचा हातभर लांबीचा पेचकस धरून. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या गॅरेजवरची खोली भाड्यानं घेऊन मी नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. खुर्ची, दिवा, काँप्रेसर, सगळं जागच्या जागी लागलेलं, फक्त पेशंटचा पत्ता नव्हता. त्यामुळं दारात पेचकस चावत उभा असलेला म्हातारा बघून मला वाटलं, चला, बोहनी झाली. म्हातारा खुर्चीकडं फिरकलासुद्धा नाही. पेचकसाचं टोक त्यानं माझ्या काँप्रेसरला टेकवलं, लाकडी मूठ दाढेखाली घट्ट धरली, डोळे मिटले, आणि मिनिटभरानं मूठ सोडून म्हणाला, "डाक्टरीणबाई, व्हॉल्व गळतोय ह्याचा. बदलून घ्या. फरशीतनं खाली येऊन माझ्या दाढंत शिरालंय."

व्हॉल्व खरंच गळत होता. त्या माणसाला पेशंट करून घ्यायला मात्र मला पुढं सहा वर्षं लागली.

सगळी पेठ त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणायला लागले. चाचा ठार बहिरे होते. त्यांच्या घराण्यातच कानाचा आजार होता, चाळिशी उलटली की कान बंद. कानाच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी मी वाचली होती. बाहेरून आवाज आत नेणारं हाड आखडलंय, आतला कान शाबूत आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. चाचा दोष द्यायचे तो शर्यतीच्या गाड्यांच्या सायलेन्सरला. आणि तोही कधीमधी. एरवी बहिरेपण कबूलच करायचे नाहीत. "कान बंद ठेवल्यात मी," म्हणायचे. "पेठेत ऐकण्यासारखं काय हाय?"

समोरच्याचे ओठ बघून त्यांना निम्मंअधिक कळायचं. माझ्या तोंडाला मास्क, त्यामुळं आमची पंचाईत. मी पाच मिनिटं जीव तोडून बोलायची आणि हे शांतपणे म्हणायचे, "बोला की, वाट बगालोय." मग मास्क खाली ओढून पहिल्यापासून सगळं परत.

इंजिन मात्र त्यांना आमच्यातुमच्यापेक्षा चांगलं ऐकू यायचं. दाढेतून. तंबाखूच्या कृपेनं तोंडात सात-आठ दात उरले होते, आणि त्यांतली एकमेकींना भेटणारी जोडी एकच, उजवीकडची खालची दाढ आणि तिच्यावरची. तिच्यात पेचकसाची मूठ धरायची आणि टोक इंजिनावर. कुठला व्हॉल्व सैल, कुठलं बेअरिंग गेलं, टाकीत पेट्रोल कुठलं, सगळं सांगायचे. कागलपासून पन्हाळ्यापर्यंतची माणसं गाडी घेऊन यायची, दाराशी उभी राहायची, आणि हा माणूस गाडीला चावतोय असं आ वासून बघायची.

चाची बोलायच्याच नाहीत. मी आधी समजले, स्वभाव असेल. पण बहिऱ्या नवऱ्याशी बोलून बोलून बाई दमली होती, एवढंच. जेवण झालं की माझ्या दवाखान्यावरच्या माळ्यावर त्यांचं घर होतं तिथून त्या गॅरेजमधला दिवा दोनदा बंद-चालू करायच्या. चहा असला तर एकदा. पाहुणे आले तर तीनदा. दिवे गेले की चाचा उपाशी. इतक्या वर्षांचा संसार एका बटणावर चालला होता आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आता ऑक्टेनचं सांगते, कारण त्याशिवाय चाचा कळायचे नाहीत. तेव्हा आमच्याकडं पंपावर साधं पेट्रोल एक्याण्णव ऑक्टेनचं मिळायचं, महागडं पंच्याण्णवचं, आणि पुण्याला जाल तर शंभरचं. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, असं सगळ्यांनाच वाटतं. कुणी तसं म्हणालं की चाचा हातातलं काम टाकायचे.

"ताकद न्हवं, सबुरी," म्हणायचे. "पेट्रोलला दाबलं तर ते किती दम काढतंय, त्येचा आकडा हाय त्यो." मग लग्न सुरू व्हायचं. "हे बगा, इंजिनात हवा आन् पेट्रोल दाबून बसवल्यात. मांडवात वऱ्हाड बसल्यागत. ठिणगी पडली म्हंजे भटजी सावधान म्हणाला. मग पुढच्या रांगेनं अक्षता टाकायच्या, मग तिच्या मागच्या, असं सरळ मागंपतोर जायाला पायजे. आता स्पोर्ट कारच्या इंजिनात दाब लई. मांडव ल्हान आन् वऱ्हाड दांडगं. तिथं कमी ऑक्टेनचं, बिनदमाचं वऱ्हाड बसवलं तर मागच्या कोपऱ्यातली चार टाळकी आपल्याच मनानं अक्षता फेकत्यात, बँडवाला पिपाणी फुकतोय, नवरा-नवरी अजून अंतरपाटाच्या दोन अंगाला. त्या घोळाला नॉकिंग म्हणायचं. मांडव पडतोय त्येनं."

"आणि स्कूटरमध्ये?" मी एकदा विचारलं.

"स्कूटरीत वऱ्हाडच चार माणसांचं. ते तसंबी गप बसतंय. तिथं सबुरीवालं आणून काय करायचं?"

एका निवृत्त हेडमास्तरांनी बारा वर्षं जुन्या स्कूटरमध्ये महागडं पेट्रोल घातलं आणि गाडी आता विमानासारखी पळते असं गॅरेजसमोर उभं राहून सांगितलं. चाचांनी टाकी उघडून वास घेतला, मास्तरांना बाकावर बसवलं आणि हाक मारून मला खाली बोलावलं. "डाक्टरीणबाई, ह्यांना सांगा, कवळी लावल्याला माणूस अक्रोड फोडत न्हाय म्हणून." मास्तरांची कवळी मीच केलेली. पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं ते त्या दिवशी सगळ्यांना झालं. मास्तर त्यांचंही गिऱ्हाईक राहिले नाहीत आणि माझेही.

माणसांनाही ते ऑक्टेन वाटायचे. रिक्षावाले ब्याऐंशी, पुढारी ऐंशी. मला पहिल्याच आठवड्यात सत्त्याऐंशी मिळालं. "शिकल्याल्या हाईसा, पर जरा दाबलं की पेटतासा." मी चांगली तासभर भांडले. त्यावर त्यांनी मला पंच्याऐंशीवर आणलं. चाचींना शंभर होतं, आणि ते चाचींना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तर आता एका पिवळ्या गाडीचं सांगते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकांची बिडाच्या ओतकामाची फाउंड्री होती. पस्तिशीचा गडी, कष्टानं वर आलेला, बोलायला गोड. त्यानं परदेशी स्पोर्ट कार घेतली. छत उघडणारी, इंजिन सीटच्या मागं, आणि पोट जमिनीला टेकलेलं. आता कोल्हापुरात असली गाडी चालवायची म्हणजे मागं एक टेम्पो लागतो. टेम्पोत चार माणसं आणि सहा फळ्या. स्पीडब्रेकर आला की माणसं उतरणार, फळ्या टाकणार, गाडी पलीकडं गेली की फळ्या उचलून परत टेम्पोत. चाचांना गाडी दाखवायला तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याला रिक्षांनी मागं टाकलं, सायकलींनी मागं टाकलं, एक म्हैसही पुढं गेली. गल्लीत गाडी वळेना, तेव्हा तालमीतल्या आठ जणांनी ती उचलून वळवली.

"चाचा, काट्यावर तीनशे लिवलंय," फाउंड्रीवाले म्हणाले. "पण दाबली की दोन मिंटं पळती आन् मग मरगळती. परवा हायवेला उसाच्या रिकाम्या ट्रकनं मागं टाकलं. डायवरनं हात केला मला, टाटा करतात तसा."

पुण्याहून लॅपटॉपवाला इंजिनियर येऊन गेला होता. त्यानं विचारलं, पेट्रोल कुठलं. हे म्हणाले, शंभरचं, खास पुण्यातनं पिंप आणवतो, दुसरा थेंब घातलेला नाही. ते खोटं नव्हतं, पिंप दर महिन्याला येत होतं. मग तो म्हणाला, दोष इंजिनातच, खोलायला लागेल, सोमवारी ट्रक पाठवतो. फाउंड्रीवाल्यांचं तोंड उतरलं होतं. "एकदा गेली की वर्षभर येत न्हाई, चाचा. तुमी एकदा ऐका."

आणि चाचांचा उजवा गाल त्या दिवशी लिंबाएवढा सुजलेला.

मी त्यांना धरून वर आणलं आणि तोंड उघडायला लावलं. ऐकणारी दाढ मुळापासून सडली होती, खाली पू धरला होता, त्यात चाचांना साखरेचा आजार. मी मास्क खाली ओढला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "ही दाढ आज काढायची. पू गळ्यात उतरला तर श्वास बंद होतो. माणूस जातो, चाचा."

त्यांना सगळं कळलं. मग म्हणाले, "आन् ती काढल्यावर मी काय करू?"

"दाढ ऐकत नाही, हाड ऐकतं. पेचकस कानामागच्या हाडाला लावा. तसंच ऐकू येईल."

"बगितलंय लावून. न्हाय येत."

सहा वर्षं शेजारी राहून मला पहिल्यांदा त्या माणसाची भीती दिसली. दुनियेतला आवाज त्यांच्याकडं यायची ती एकच फट होती आणि मी ती बुजवायला निघाले होते. शेवटी आमचा करार झाला. रविवारी गाडी ऐकायची, रविवारीच संध्याकाळी दाढ माझी. तोवर मी हिरडीला छेद देऊन पू काढला, औषधं सुरू केली आणि दिवसातून चार वेळा जाऊन गाल बघितला. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनं असं करू नये, मीही परत करणार नाही.

रविवारी एमआयडीसीतले रस्ते मोकळे असतात. नॉकिंग ऐकायचं तर इंजिनावर ओझं पाहिजे, नुसतं जागेवर रेस करून काही होत नाही. आणि गाडी सुसाट पळाली तर चाचा ऐकणार कसे? मग चाचांनीच तोड काढली. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बिडाचा माल भरला, आणि ट्रॉलीसकट तो ट्रॅक्टर साखळीनं स्पोर्ट कारच्या मागं बांधला. स्पोर्ट कारनं चढावर ट्रॅक्टर ओढायचा, ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेकवर पाय ठेवायचा. गाडीचं छत उघडं, इंजिनावरचं झाकण काढलेलं. चाचा शेजारच्या सीटवर उलटे, गुडघ्यांवर बसले. फाउंड्रीवाल्यांनी त्यांना वैरणीच्या दोरानं सीटला बांधलं. मी औषधाची पेटी मांडीवर घेऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, अगदी त्यांच्यासमोर.

"हाणा," चाचा म्हणाले, आणि मूठ दाढेखाली धरली.

गाडीनं जो आवाज काढला त्यानं कंपाउंडवरची कबुतरं उडाली. साखळी ताणली, ट्रॅक्टर हलला, बैलगाडीच्या चालीनं ती वरात चढ चढायला लागली. चाचांच्या डोळ्यांतनं पाण्याच्या धारा. सुजलेल्या दाढेत इंजिनाचा प्रत्येक ठोका जात होता, हे तिथं फक्त मलाच कळत होतं. मी हातानं थांबा थांबा करत होते. त्यांनी बघूनही डोळे मिटून घेतले. दोनशे पावलं गेल्यावर त्यांनी हात वर केला.

मूठ सोडली तेव्हा लाकडावर रक्त होतं.

"डब्यात चिंचुके हलवल्यागत वाजतंय," ते म्हणाले. "आधी वाजतंय. मग गाडीतला काँप्युटर भितोय, ठिणगी उशिरा पाडतोय. मग वाजायचं थांबतंय आन् गाडी मरगळती. इंजिन खणखणीत हाय. पेट्रोल शंभरचं न्हाय. एक्याण्णव, लई तर ब्याण्णव. पिंप दावा."

फाउंड्रीवाल्यांनी देवाची शपथ घेतली. पिंप त्यांच्या गावाकडच्या घरी गोठ्यापलीकडच्या खोलीत होतं, कुलपात, किल्ली आईच्या कमरेला. घरात असं पेट्रोल ठेवणं कायद्यात बसतं का, ते मला विचारू नका. आम्ही सगळे तिथं गेलो. आईंनी आधी पाणी दिलं, मग चहा टाकला, मग विचारलं काय झालं म्हणून.

"आई, ह्या पिंपातलं पेट्रोल कोण घेतंय?"

"कोण घेतंय म्हंजे? कुणाची गाडी अडली तर देतो की. शेजारधर्म हाय का न्हाई?"

फाउंड्रीवाले खांबाला टेकले. "किती दिलं?"

"कुणी चोरलं न्हाई हं," आई चिडल्या. "उसनं न्हेत्यात. भाच्यानं दोन लिटर न्हेलं, दुसऱ्या दिवशी पंपावरनं अडीच आणून वतलं. आमच्या गावच्या शाळंचं मास्तर न्हेत्यात, दूधवाला न्हेतोय, सगळी आणून घालत्यात. उलट चार घोट जास्तच. तुजं पिंप कदी रितं दिसलं का तुला?"

मी कागलचीच. माझी आई वाटीभर साखर उसनी न्यायची आणि परत देताना वाटीवर चढती शीग लावून द्यायची. कमी दिलं तर आपली अब्रू गेली. त्या गावातल्या प्रत्येकानं असंच शंभरचं पेट्रोल नेलं होतं आणि एक्याण्णवचं शीग लावून परत केलं होतं. अख्ख्या गावात एकही लबाड माणूस नव्हता, म्हणून गाडी चालत नव्हती. एखादा बुडवणारा असता तर पिंप निदान रिकामं तरी दिसलं असतं.

चाचांनी आईंचे ओठ नीट वाचले आणि दोन्ही हात जोडले. "आक्का, तुमचं काय चुकलं न्हाई," म्हणाले. "फक्त साखर दिल्यावर गूळ घ्यायचा नसतोय."

संध्याकाळी करारानुसार ते खुर्चीत बसले. दाढ काढायला दहा मिनिटं लागली. चाचांनी ती तळहातावर मागून घेतली, उलटसुलट बघितली आणि खिशात घातली. खाली जाऊन पेचकस खिळ्याला अडकवला आणि गॅरेजचं शटर ओढलं.

ते शटर आठ दिवस वर गेलं नाही. गाल उतरला, ताप गेला, जखम भरत आली, पण चाचा कामाला हात लावेनात. लोक गाड्या घेऊन यायचे आणि परत जायचे. चाचींचा दिवा लागायचा-विझायचा, ते वर जेवून यायचे आणि बंद शटरच्या आत अंधारात बसायचे. मी रोज जाऊन कानामागच्या हाडावर बोट ठेवून दाखवायची. ते मान फिरवायचे.

नवव्या दिवशी सकाळी ती पिवळी गाडी पुन्हा आली, फळ्यांसकट, आठ जणांनी उचलून गल्लीत आणली. सगळं जुनं पेट्रोल काढून त्यात ताजं शंभरचं भरलं होतं, पिंपाला दुसरं कुलूप लावलं होतं. ट्रकनं मागं टाकायचे दिवस गेले, असं फाउंड्रीवाले म्हणत होते. पण चाचांनी ऐकून होकार दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. ते शटर वाजवत होते. बहिऱ्या माणसाचं शटर.

मग मात्र मी पेटले. पंच्याऐंशी तर पंच्याऐंशी. खुर्चीतला पेशंट तसाच आ करून सोडला, खाली गेले, शटर वर केलं, खिळ्यावरचा पेचकस घेतला आणि चाचांच्या दंडाला धरून त्यांना गाडीपाशी आणलं. "चालू करा," मी ओरडले. टोक इंजिनावर ठेवलं, मूठ चाचांच्या कानामागच्या हाडावर दाबून धरली. ते सुटायला बघत होते. मी सोडलं नाही.

हळूहळू त्यांची धडपड थांबली. त्यांनी माझ्या हातातून मूठ घेतली आणि स्वतःच दाबून धरली. बराच वेळ इंजिनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेचकस फिरवत राहिले.

"चिंचुके न्हाईत," म्हणाले. "ब्येस चाललंय." मग माझ्याकडं बघून, जरा ओशाळून, "मी लावून बगितलं न्हवतं, डाक्टरीणबाई. भ्या वाटत हुतं. न्हाईच आलं तर?"

गलका ऐकून चाची जिन्यातून खाली आल्या होत्या. हाताला पीठ तसंच. चाचा त्यांच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं ते गाड्यांना चावत होते, मी सहा वर्षं ते बघत होते, दातांची आणि जबड्याची डॉक्टर म्हणवून घेत होते, आणि हे आम्हां दोघांनाही कधी सुचलं नव्हतं. त्यांनी फाउंड्रीवाल्यांना गाडी बंद करायची खूण केली. पेचकस चाचींपुढं धरला आणि टोक त्यांच्या हनुवटीकडं केलं.

चाची लाजल्या. आजूबाजूला पंधरा माणसं. मग त्यांनी टोकाला पदर गुंडाळला आणि ते हनुवटीला लावलं.

"भाकरी थापालोय," त्या म्हणाल्या. "येतासा न्हवं जेवाय?"

चाचा मूठ कानामागं धरून तसेच उभे.

"आवाज म्हातारा झाला की गं तुझा," ते म्हणाले.